दोन तृतीयांशने घातलेला घोळ

डिप्लोमा सिव्हिलला असताना फ्लुइड मेकॅनिक्समध्ये माझी केटी लागली होती (विषय राहिला होता), आणि दुसऱ्यांदा अभ्यासाला बसलो तेव्हापण त्याच उभ्या भिंतीपाशी अडकलो, म्हणजे भिंतीवर पाण्याचा जोर किती आणि नेमका कुठे लागतो त्या गणितापाशी. व्हिस्कॉसिटी, मॅनोमीटर वगैरे दोन दिवसांत उरकलं.

सुरुवातीचं गणित सोपंय. भिंत २ मीटर रुंद, पाणी ३ मीटर खोल. मधल्या खोलीचं प्रेशर (दर मीटरला ९.८१) घ्यायचं आणि एरियाने गुणायचं, ९.८१ × १.५ × ६ = ८८.२९ किलोन्यूटन. हा जोर लागतो वरून दोन तृतीयांश खोलीवर, म्हणजे २ मीटरला. इथपर्यंत सगळ्यांनाच येतं.

पुढच्या गणितात भिंतीऐवजी तेवढंच गेट (पाणी अडवणारं दार), पण वरची कड पाण्याखाली १ मीटर. टोटल प्रेशर, म्हणजे एकूण जोर, बरोबर आलं, १४७.१५ किलोन्यूटन. सेंटर ऑफ प्रेशर, म्हणजे जोर लागतो ती खोली, मी काढला १ + २ = ३ मीटर, आणि पुस्तकात २.८! छपाईची चूक असेल म्हणून सोडून दिलं, परत आलो, ४ चे दोन तृतीयांश करून बघितले तर २.६७, म्हणजे तेही नाही, असा अख्खा रविवार गेला. सरांना फोन केला तर म्हणाले, "अरे फॉर्म्युला टाक ना, कशाला डोकं लावतोस." अजून आठवलं की चिडचिड होते. फॉर्म्युल्याने २.८ येतंच हो, गेटच्या आकारावरून येणारा मोमेंट ऑफ इनर्शिया ४.५, त्याला एरिया गुणिले मधली खोली म्हणजे १५ ने भागलं की ०.३, आणि ते २.५ मध्ये मिळवायचं. पण माझे ३ कुठे चुकले ते कोणी सांगेल तर ना!

शेवटी ताईच्या लग्नाची एक उरलेली पत्रिका घेतली आणि प्रेशर डायग्राम, म्हणजे कुठल्या खोलीला किती प्रेशर ते दाखवणारी आकृती, त्यावर काढून कापला. वरची कड ३ सेंमी, खालची १२, उंची ९ (म्हणजे गेटचे ३ मीटर). कापल्यावर हातात आला तो त्रिकोण नव्हताच! गेटच्या वरच्या कडेलाच ९.८१ प्रेशर आहे, शून्य नाही. पट्टीच्या कडेवर आडवा तोलून धरला तर वरून साधारण साडेपाच सेंमीवर टिकला, हिशोबाने ५.४, म्हणजे गेटच्या वरच्या कडेपासून १.८ मीटर. वरचा १ मिळवा, झाले २.८. दोन तृतीयांश फक्त त्रिकोणाला चालतं, म्हणजे वरची कड पाण्याच्या पातळीला असेल तरच. एवढं एक वाक्य फोनवर सांगायला काय जात होतं?

म्हणून आधी डायग्राम काढा, फॉर्म्युला नंतर. गेट जितकं खोल तितका डायग्राम चौकोनी होत जातो आणि ते ०.३ कमी होतं, याच गेटची वरची कड १० मीटर खोल नेली तर जेमतेम साडेसहा सेंमी उरतं. उत्तर मधल्या खोलीपेक्षा कमी आलं तर सरळ खोडा.

हां, एक राहिलंच, टाकी भिंतीच्या मागे किती लांब आहे ते गणितात मुद्दाम देतात, ते वापरायचं नसतं. पहिल्या वेळी मी त्यानेपण गुणलं होतं.