पान हललं का?

आज दुपारी सँडविच घ्यायला बाहेर पडलो आणि ऑफिसजवळच्या पुलावर उगाच थांबलो. कठड्यावर एक वाळकं पान पडलेलं, ते उचललं, खाली कालव्यात टाकलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघत उभा राहिलो. मागून एक बाई सायकलची घंटी बडवत गेली, म्हणजे मी नेहमीप्रमाणे सायकलवाल्यांच्या वाटेत. पान काही हललं नाही. मग लक्षात आलं, अरे, हा तर बाबांचा उद्योग.

बाबा मे महिन्यात आले होते, तीन आठवडे. आईचे गुडघे आणि ताईचं बाळंतपण, त्यामुळे एकटेच. मी नऊ वर्षं ॲमस्टरडॅमला आहे, म्हणजे खरं तर ॲम्स्टलव्हेनला, पण भोसरीत राहणारा जसा बाहेरगावी गेल्यावर पुण्याचा होतो तसंच. आणि माझी एक वाईट खोड आहे, कोणी पाहुणा आला की मी हे शहर असं दाखवतो जणू हे सगळे कालवे मीच रात्रपाळी करून खणलेत. दाखवलं की समोरच्याने 'वा' म्हणायचं, नाही म्हटला तर मला राग येतो. बाबांसाठी तर एक्सेलमध्ये तक्ता केला होता, दिवसवार, मध्ये मध्ये कॉफी आणि टॉयलेटसुद्धा टाकलेलं.

तो तक्ता पहिल्याच दिवशी एअरपोर्टवर बोंबलला. मी सहज बोलून गेलो की स्किपोल समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहे, पूर्वी इथे प्रचंड मोठं तळं होतं, ते वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली कोरडं केलं. झालं. बाबा ट्रॉली धरून जागच्या जागी उभे. "म्हणजे आमचं विमान तळ्यात उतरलं?" आणि मग घरी पोचेपर्यंत पाझर किती, पंप अजून चालू आहेत का, लाईट गेली तर काय करतात. लाईट जात नाही हो इथे, असं म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, की नऊ वर्षांत हा कामातून गेला.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. माझं लहानपण बारामतीकडे गेलं, नीरा डाव्या कालव्याच्या काठाने. सुट्टीत राजदूतच्या टाकीवर मला बसवून घेऊन जायचे. सरळ पट्टा बघून भरावावर शंभर फुटांवर चुन्याच्या दोन खुणा, पहिल्या खुणेपाशी ते लाकडाचा ढलपा पाण्यात टाकायचे आणि हातातल्या एचएमटीत बघायचे, मी ढलप्याबरोबर काठाकाठाने पळत सुटायचो आणि दुसरी खूण आली की जीव खाऊन ओरडायचं, "आलंऽऽ!" एकदा पळता पळता चप्पलच पाण्यात गेली तर त्यांनी तिचाही वेळ घेतला. मग वहीत आकडेमोड आणि आलेल्या वेगाला शेवटी ०.८५ ने गुणायचं. का, तर वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं, सरासरी धरायची. मला वाटायचं की बाबा हुकूम देतात म्हणून कालवा वाहतो.

तर असा माणूस प्रिन्सेनग्राख्टच्या पुलावर उभा. मी मागे ते देखणे वाडे, तिरकी घरं, फोटोला उजेड कसा मस्त आहे वगैरे चालू केलेलं आणि हे पान टाकून घड्याळ बघतायत. "वाहतच नाही की रे." मी सांगितलं, गेटं उघडबंद करून आतलं पाणी बदलतात, एरवी असंच असतं. "मग कालवा कशाला म्हणतोस, तळं म्हण. लांबट तळं." रेम्ब्रांटचं ते एवढं जगप्रसिद्ध चित्र त्यांनी चार मिनिटांत आटोपलं, त्यातलं एक मिनिट तिकिटाचे रुपये करण्यात गेलं. पण इथल्या पाणी मंडळाचं माझ्या घरी आलेलं बिल मात्र मोबाईलवर भाषांतर करून अर्धा तास वाचलं. पाण्याचं वेगळं मंडळ, त्याची वेगळी निवडणूक, वेगळी पट्टी, आणि लोक ती भरतात! पाणीपट्टी वसुलीला गेल्यावर लोक घरात लपून बायकोला 'गावाला गेलेत' असं सांगायला लावायचे, तो किस्सा मग चहाबरोबर पुन्हा एकदा झाला.

आता वाटतं की तक्त्यात नसलेली एकच जागा मी त्यांना नीट दाखवली, तीही पाऊस आला म्हणून. वॉटरलूप्लाइनला महापालिकेच्या इमारतीत काचेचे तीन उंच खांब आहेत, आत पाणी. दोन खांबांत समुद्राची पातळी आत्ता किती ते दिसतं, तिसरा स्थिर. त्यात १९५३ च्या पुराची पातळी, शून्याच्या वर ४.५५ मीटर. मान वर करावी लागते. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली त्या पुरात, मी गाईडच्या थाटात सांगितलं.

"माझ्या जन्माचं साल," बाबा म्हणाले. मग खांबाला हात लावला, डोक्याच्या वितभर वर. "आमच्या वाड्यात इथपर्यंत. वरच्या मजल्यावर."

पानशेत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १२ जुलै १९६१, शनिवार पेठ, पर्वतीकडे पळालेली माणसं, कुणाच्या तरी जिन्यात अडकलेली म्हैस. म्हशीपाशी सगळे हसतात, बाबाही. या वेळी म्हैस आली नाही. म्हणाले, "पाणी उतरल्यावर परत आलो तर सगळीकडे गुडघाभर चिखल, आणि आई ते सगळं सोडून जिना चढून वर गेली, पदराने भिंतीवरची ती रेघ पुसायला लागली. जात नव्हती. ती पुसतच राहिली."

मी काहीच बोललो नाही. शाळेच्या पोरांचा एक घोळका आला, काचेवर टकटक करून गेला. मग बाबा म्हणाले, चल, भूक लागली, आणि बाहेर भिजत उभं राहून आम्ही चिप्स खाल्ले, मेयोनेज नको म्हणून त्यांनी खिशातून दाण्याच्या चटणीची पुडी काढली.

लंच संपायला सहा मिनिटं राहिली होती, सँडविच घेतलंच नव्हतं. बाबांना व्हॉट्सॲप केलं, 'पान टाकलं, हललं नाही.' तिकडे साडेचार वाजले असतील, चहाची वेळ, तरी लगेच उत्तर आलं.

'वारा कुठून आहे ते आधी बघ.'