मांजरपाटावरचे काळे ठिपके: चोर सापडला

मंडळी, नैसर्गिक रंगाईसाठी तयार केलेल्या मांजरपाटावर उठलेल्या ज्या काळ्या ठिपक्यांचं मागच्या खेपेला रडगाणं गायलं होतं, त्यांचा चोर परवा पकडला. तीन आठवडे आणि दोन मीटर कापड घालवून.

थोडी उजळणी. ४८० ग्रॅम कोरं मांजरपाट, धुण्याचा सोडा घालून दोन तास उकळलेलं. पाणी कटिंग चहासारखं झालं, ते ओतून पुन्हा एकदा उकळलं. बेटाडिन पाण्यात पातळ करून कोपऱ्यावर टाकलं, निळं झालं नाही, म्हणजे खळ गेलेली. पाण्याचा थेंब टाकला की लगेच मुरतो. इथवर मी खूश. मग रंग नीट धरावा म्हणून हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवलं आणि सुंदर पिवळ्या कापडावर खसखशीएवढे ठिपके!

पहिला संशय उकळण्यावरच. पण कापसातलं मेण निघायचं राहिलं असतं तर डाग फिके पडले असते, हे तर गडद. म्हणजे लोखंड, कारण हिरड्याला लोखंड भेटलं की काळं होतं. मग पाणी? पेलाभर बोअरच्या पाण्यात चिमूटभर हिरडा घालून ठेवला, रंग बदामीच राहिला. दोरी नायलॉनची, हिरड्याचा टब प्लास्टिकचा. काष्ठौषधीच्या दुकानातल्या पुडीवरही शंका घेतली (त्याची पूड जाडीभरडी असते, ती तक्रार वेगळी), पण त्याच पुडीचा काढा स्टीलच्या भांड्यात रात्रभर ठेवला तरी स्वच्छ.

शेवटी वैतागून घरातल्या प्रत्येक भांड्यात तो काढा ओतून झोपले. सकाळी एनॅमलच्या पातेल्यात, तळाशी टवका उडाला होता तिथे, काजळ घातल्यासारखं काळं कडं! हिरडा त्या पातेल्यात कधी गेलाच नव्हता म्हणून त्याच्यावर नजर गेली नाही. पण सोड्याची उकळी तर त्यातच झाली होती. गंजाचे कण तेव्हाच धाग्यात बसले आणि हिरड्याने त्यांची चुगली केली. पातेलं आता कुंडी झालंय. 'एनॅमल बिनधास्त वापरा' असं सांगणाऱ्यांनी आधी तळ बघावा, एवढंच म्हणते.

लिंबूफुलाने (सायट्रिक ॲसिडने) डाग काढून पाहिले. गेले, पण सोबत पिवळाही गेला आणि पांढरी चकती उरली. त्या कापडाला ७२ ग्रॅम तुरटी देऊन मंजिष्ठाच्या लाल रंगात टाकायचा बेत होता. तो रद्द.

कारण हे लिहिता लिहिता सुचलं: ठिपके आहेत तर काळी बुट्टीच छापू! छापायला लोखंडाचं पाणी हवं, म्हणून गूळ, गंजके खिळे आणि पाणी बरणीत आंबत घातलंय, पंधरा दिवस तरी लागतील. दाटपणाला चिंचोक्याची खळ, घोंगडीला देतात तीच. चिंचोके भाजून सोलताना दोन नखं तुटली. कुणी गिरणीतून दळून आणलंय का? आमचा गिरणीवाला नुसतं नाव ऐकूनच हात जोडतो.

बरणी सध्या गॅलरीत आहे. आई म्हणते, वास जिन्यापर्यंत येतो.