पुरवणी मागणीतले ते १,००० रुपये – माझा अनुभव

पुरवणी मागणी म्हणजे वर्षाच्या मधेच, बजेटच्या वर सरकार सभागृहाकडे मागतं ती मंजुरी. या मागण्यांची पुस्तिका ऑनलाइन मिळते, त्यात काही त्रास नाही. माझं घोडं अडलं एका ओळीवर आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

चेंबूरकडे मुलींच्या सरकारी वसतिगृहाची नवी इमारत होणार असं आम्ही दोन वर्षं ऐकत होतो. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या आल्या, मी रात्री बसून खात्याची मागणी शोधली, वसतिगृहाचं नाव सापडलं आणि समोर रक्कम काय, तर रु. १,०००. यात सिमेंटच्या दोन गोण्या येतात!

दुसऱ्या दिवशी खात्यात गेले. पहिल्या टेबलावर "हे आमच्या कार्यासनाकडे नाही, बजेटला विचारा", बजेटच्या टेबलावर "मॅडम, आम्ही फक्त आकडे कळवतो, योजना त्यांची". चार हेलपाटे, चार हाफ डे गेले, कोणी धड बोलेना. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर २९व्या दिवशी उत्तर आलं, माहिती पुस्तिकेत उपलब्ध आहे. इतकी चिडले मी!

शेवटी आमच्या बिल्डिंगमधले काका, अकाउंट्समधून रिटायर झालेले, त्यांनी पाच मिनिटांत उलगडलं. "अगं, ही लाक्षणिक मागणी. पैसे त्याच मागणीत दुसरीकडे वाचलेत, ते पुनर्विनियोजनाने इकडे वळवणार. पण बाब नवीन असली की सभागृहाची मंजुरी लागतेच, म्हणून नावापुरते हजार." म्हणजे सभागृहात मत पडतं हजारावर आणि हलतात कोट्यवधी! हे त्या टेबलावरच्या एकालाही सांगता आलं नसतं का?

म्हणून रकमेखालचं स्पष्टीकरण आधी वाचा, आणि प्रश्न एकच विचारा, बचत कुठल्या लेखाशीर्षातली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातली? रक्कम वाढवून द्या असं आमदारांना सांगून उपयोग नाही, राज्यघटनेच्या कलम २०३ प्रमाणे सभागृह मागणी कमी करू शकतं, नाकारू शकतं, वाढवू शकत नाही. हो, माहिती अधिकाराच्या अर्जाचं राहिलंच, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका. आणि मंजुरी मिळाली म्हणजे पैसे सुटले असं नाही, बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, वितरण बघत राहा.

दुसऱ्या अर्जात मी बचतीचं तेवढंच विचारलं. उत्तर आलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहाचं काम सुरूच झालं नाही, ती बचत. आमची इमारत होतेय याचा आनंद आहेच, पण त्या मुलींचं काय? आमदारांना आता हाच प्रश्न लिहून दिलाय.