नोंद चौथी: भुसावळातून शिंबुलाकच्या उतारांकडे

मागच्या नोंदीत देश ठरवायचा बाकी आहे असे मी लिहिले होते. तो आता ठरला आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी एकटी कझाकस्तानातील अल्माटी शहरात जाणार असून, शहराच्या माथ्यावरच असलेल्या शिंबुलाकच्या उतारांवर सहा दिवस स्नोबोर्डिंग, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरणे, करणार आहे. आज नोव्हेंबरचा मध्य आहे, म्हणजे हाती साडेतीन महिने उरले आहेत. विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट २९,८०० रुपयांना काढून झाले आहे आणि याच हेतूने अठरा महिन्यांसाठी सुरू केलेल्या दरमहा ६,००० रुपयांच्या रिकरिंग खात्याची मुदत जानेवारीत पूर्ण होत आहे. खात्यात मुद्दल म्हणून १,०८,००० रुपये होतील आणि त्यावर जे थोडे व्याज मिळेल ते धरून संपूर्ण प्रवास त्याच रकमेत बसवायचा, असे मी स्वतःला घालून दिलेले बंधन आहे.

गुलमर्ग सोडून परदेशी जाण्याची गरज काय, हा प्रश्न घरातही झाला आणि माझ्या मनातही बराच काळ होता. गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला सात दिवस मला सगळे मिळून ४६,००० रुपये लागले होते, म्हणजे बर्फावरचा एक दिवस साडेसहा हजारांच्या आसपास पडला. खर्चाच्या बाबतीत शिंबुलाक त्याच्या जवळपासही येत नाही. परंतु गुलमर्गला माझी अडचण पैशांची नव्हती, पायरीची होती. तिथले शिकाऊ उतार आखूड आहेत. चार वळणे घेतली की उतार संपतो. गोंडोलाचा, म्हणजे बंद पाळण्यांच्या दोरवाटेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाखांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो, पण तिथून खाली येणारे बहुतेक बर्फ मोकळे, न दाबलेले आणि हिमस्खलनाचा धोका असलेले आहे. तिथे उतरण्याइतकी मी अजून तयार नाही. या दोन टोकांच्या मधली पायरी, म्हणजे यंत्राने रोज विंचरलेला, रुंद आणि लांबलचक उतार, मला हवा आहे. बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवरून चवड्याकडच्या कडेवर आणि पुन्हा टाचेकडच्या कडेवर, असे वळणाला वळण जोडत जाणे पायांत मुरायचे असेल तर न थांबता वीस-पंचवीस वळणे घेता येतील एवढा उतार पायाखाली असावा लागतो. शिंबुलाकचा तळ सुमारे २,२६० मीटरवर आहे आणि सर्वांत वरची लिफ्ट सुमारे ३,२०० मीटरवरच्या तालगर खिंडीपर्यंत जाते. खालचे टप्पे सौम्य आहेत, त्यामुळे खिंडीचे नावही न काढता पहिले तीन दिवस काढता येतील.

इतर पर्यायांचा विचार मी मनापासून केला होता. जॉर्जियातील गुदाउरी अखेरपर्यंत स्पर्धेत होते, पण तिथे ई-व्हिसा काढावा लागतो आणि तिबिलिसीहून सुमारे १२० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे, त्यामुळे मुक्काम डोंगरावरच करावा लागतो व तिथली राहण्याची सोय शहरापेक्षा महाग पडते. बल्गेरियातील बान्स्कोसाठी शेंगेन व्हिसा लागतो; त्याचे शुल्कच ९० युरो आहे, शिवाय मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या. जपानचा बर्फ हे माझे जुने स्वप्न आहे आणि ते मी सोडलेले नाही, पण ते या खात्यातून होणारे काम नाही. कझाकस्तानात भारतीय पारपत्रावर एका वेळी चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते, दिल्लीहून थेट विमान आहे आणि मुक्काम शहरातील वसतिगृहात करून १२ क्रमांकाच्या बसने डोंगरातल्या मेदेउ या ठिकाणापर्यंत व तिथून साडेचार किलोमीटरच्या गोंडोलाने थेट उतारांवर जाता येते. कमी पैशांत बर्फ गाठू पाहणाऱ्यासाठी डोंगर शहराला इतका लागून असणे ही फार मोठी सोय आहे, कारण खोली, किराणा आणि भाड्याचे सामान या तिन्ही गोष्टी डोंगरापेक्षा शहरात स्वस्त मिळतात.

आता हिशेबाची गोष्ट, कारण माझा बराचसा महिना त्यातच गेला. सुरुवातीला मी चार दिवसांचा बेत केला होता, त्यामागे पैसे वाचतील हा साधा विचार होता. वहीत मांडल्यावर वेगळेच दिसले. रेल्वे, विमान आणि विमा मिळून ३६,६०० रुपये तर चार दिवसांना लागतात तेवढेच सहा दिवसांनाही लागतात. शिकवणीचे १२,००० रुपयेही दोन्ही बेतांत तेच. वाढणारा खर्च तेवढा रोजच्या खाटेचा, जेवणाचा, लिफ्टच्या पासाचा आणि बोर्डाच्या भाड्याचा. तो दिवसाला ६,७०० रुपयांच्या आसपास येतो. अडचणीसाठी बाजूला ठेवलेले १२,००० रुपये वगळले आणि उताराबाहेरच्या दिवसांचे खाणे-राहणेही धरले तर सहा दिवसांच्या बेतात बर्फावरचा एक दिवस सुमारे १६,००० रुपयांना पडतो आणि चार दिवसांच्या बेतात तोच २०,७०० रुपयांना. म्हणून एकूण रकमेकडे न पाहता बर्फावरच्या एका दिवसाची किंमत काढावी, असे मी आपल्या छंदातल्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. माझा मावसभाऊ दुबईला असतो आणि तिथल्या मॉलमधल्या बंदिस्त उतारावर ये, राहण्याचा खर्च वाचेल, असे तो म्हणत होता; पण तिथला सर्वांत लांब उतारही सुमारे ४०० मीटरचा आहे आणि माझी नड नेमकी लांबीची आहे.

वार निवडतानाही हाच विचार केला. शिंबुलाकला शनिवार-रविवारी सगळे अल्माटी शहर लोटते आणि पासही महाग असतो, म्हणून बुधवारी रात्री पोहोचायचे, गुरुवार-शुक्रवार उतारावर, शनिवार-रविवार विश्रांती, मग सोमवार ते गुरुवार पुन्हा उतारावर आणि शुक्रवारी परत, असा नऊ रात्रींचा आराखडा आहे. मार्चमध्ये ढकलले असते तर आठ मार्चची तिथली सार्वजनिक सुट्टी आडवी आली असती. मधल्या रविवारी मेदेउच्या धरणाच्या ८४२ पायऱ्या चढण्याचा मानस आहे. डोंगरातून येणारा चिखल-दगडांचा लोंढा शहरात शिरू नये म्हणून बांधलेले ते धरण आहे आणि १९७३ साली त्याने खरोखर शहर वाचवले. हतनूर धरणाच्या भिंतीकडे पाहत वाढलेल्या माणसाला ते पाहिल्याशिवाय परतणे जमणार नाही.

पैसे वाचवण्याच्या नादात एका ठिकाणी हात आखडता घेतल्याची किंमत मी मागच्या वर्षी मोजली आहे, म्हणून बुटांबद्दल सविस्तर लिहिते. गुलमर्गला एका दुकानातून बोर्डासोबत भाड्याचे बूट घेतले होते. माझ्या मापाचे नव्हते, दुकानदाराने एक माप मोठे दिले आणि दोन जोड मोजे घाला म्हणजे बसतील असे सांगितले. ते मी ऐकले. तिसऱ्या दिवशी चवड्याच्या कडेवर वळताना बुटाच्या आत टाच उचलली गेली, गुडघा पुढे गेला पण बोर्ड मागे राहिला, उताराकडची कड बर्फात रुतली आणि मी उघड्या तळहातावर आपटले. मनगट सुजले, दोन दिवस वाया गेले. बूट सैल असले की पायाने दिलेला हुकूम बोर्डापर्यंत पोहोचत नाही, आणि दोन मोज्यांनी ती उणीव भरून निघत नाही. उलट घाम साठून पाय गारठतात. पातळ लोकरीचा एकच मोजा पुरतो.

या वेळी बोर्ड आणि बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे, भाड्याने घ्यायचे, पण बूट स्वतःचेच, आणि ते मावसभावाने दुकानातून घ्यायचे, हे पहिल्या दिवशीच ठरवले होते. मापाचे काम नानांनी केले. नाना भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झाले आहेत आणि माप म्हटले की त्यांचा हात आपोआप सावकाश होतो. दिवसभरात पाय थोडा फुगतो म्हणून संध्याकाळी मी वर्तमानपत्रावर टाच भिंतीला टेकवून उभी राहिले. त्यांनी पेन्सिल तिरकी होऊ न देता कागदावर पायाची रेघ काढली आणि पोलादी पट्टीने मोजले. डावा पाय २४.३ सेंटिमीटर, उजवा २४.६. “मोठ्या पायाचे माप धरा, लहान पायाचे नंतर बघू,” असे मी म्हणाले, तर त्यांनी दोन्ही कागद घडी करून वहीत ठेवले आणि म्हणाले, “बघू नको, आत्ताच लिहून ठेव. मुलाने दुकानात काय पाहायचे ते त्याला कळले पाहिजे.” स्नोबोर्डच्या बुटांचे माप सेंटिमीटरमध्येही सांगतात, त्यामुळे मावसभावाला दुकानात गोंधळ झाला नाही. १७,००० रुपयांचे हे बूट वरच्या हिशेबात नाहीत. ते दिवाळीच्या बोनसमधून घेतले.

आता गेले तीन आठवडे रोज रात्री अर्धा तास मी ते घालून पंख्याखाली बसते, उभी राहते, गुडघे वाकवते. सरळ उभे राहिल्यावर अंगठा पुढच्या टोकाला जेमतेम लागावा, गुडघे वाकवून नडग्या पुढे टेकवल्यावर तो किंचित मागे सरावा आणि टाच मात्र जागची हलू नये, ही कसोटी. पहिल्या आठवड्यात उजव्या घोट्याखाली एक जागा टोचत होती. आता तिथले अस्तर दबले आहे. हे बूट मी विमानात सोबतच्या पिशवीत नेणार आहे. सामान हरवलेच तर जाकीट उसने मिळेल, मुरलेला बूट मिळणार नाही.

सरावाची प्रगती बरी आहे. अंगणातल्या शहाबादी फरशीवर ठिबकच्या मुख्य वाहिनीच्या पाइपाचा हातभर तुकडा आडवा ठेवून त्यावर फळी टाकायची आणि तिच्यावर तोल सांभाळायचा, हा व्यायाम जुलैत चाळीस सेकंदांवर होता, आता चार मिनिटांवर आला आहे. फळी उताराच्या दिशेने घसरत नाही हे खरे, पण खांदे कंबरेच्या रेषेत ठेवण्याची आणि नजर पायांकडे न जाऊ देण्याची सवय तिच्यावर लागते, आणि वळणात निम्म्या चुका नजर खाली गेल्यानेच होतात. रविवारी यावलजवळच्या मनुदेवीच्या डोंगरात चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष देऊन चालते, कारण वाकलेल्या गुडघ्यांवर भार झेलत राहणे हेच उतारावर मांड्यांचे काम असते. पडण्याचाही सराव गादीवर करते: मुठी मिटून, कोपरापासूनच्या हातावर आणि गुडघ्यांवर. मनगटाचे रक्षक घेतले आहेत. नवशिक्या स्नोबोर्डरांत मनगटाची दुखापत सर्वाधिक आढळते आणि मी ती एकदा भोगली आहे.

विम्याचे कागद वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. परदेश प्रवासाच्या साध्या पॉलिसीत हिवाळी खेळ बहुधा वगळलेले असतात आणि ते वाक्य मागच्या पानांवर बारीक अक्षरांत असते. म्हणून स्नोबोर्डिंग हा शब्द स्पष्ट लिहिलेली, उंचीची मर्यादा तालगर खिंडीच्या वर असलेली आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च देणारी पॉलिसी मी निवडली, आणि त्या तिन्ही गोष्टींचे उत्तर विमावाल्यांकडून लेखी घेतले. आखलेल्या उताराबाहेर गेल्यास भरपाई नाही, अशी तिची अट आहे. ती मला मान्य आहे. ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याचा ठाव लावणारे यंत्र), शोधकाठी आणि फावडे वापरणारा जोडीदार बरोबर नसताना मोकळ्या बर्फात जायचे नाही, हा नियम विम्याच्या आधीपासूनच माझा आहे.

शिकवणीसाठी पहिल्या दोन उतारदिवसांत प्रत्येकी दोन तास शिक्षक लावणार आहे. काही जण हे पैसे वाचवतात. मला ते पटत नाही, कारण चुकीची सवय लागल्यावर तीच घटवत बसण्यात पुढचे चार महागडे दिवस जातात.

भाषेची तयारीही चालू आहे. पाट्या सिरिलिक लिपीत असतात, आणि ओळखीचे वाटणारे अक्षर फसवते: इंग्रजी पीसारखे दिसते ते ‘र’ असते, सीसारखे दिसते ते ‘स’. बाराखडीसारखी अक्षरे गिरवून आता मला ‘कास्सा’ म्हणजे तिकीट खिडकी, ‘प्रोकात’ म्हणजे भाड्याने सामान देणारे दुकान आणि ‘व्खोद’ म्हणजे प्रवेश, एवढे थांबत थांबत वाचता येते.

आईची काळजी एकटीने जाण्याची आहे, आणि ती बोलून जाण्यासारखी नाही. तिच्याशी असे ठरले आहे की रोज लिफ्ट बंद झाल्यावर, खोलीवर पोहोचताच फोन करायचा. २०२४ पासून सगळ्या कझाकस्तानाची वेळ एकच झाली असून अल्माटीचे घड्याळ आपल्यापेक्षा केवळ अर्धा तास मागे आहे, त्यामुळे तिला रात्री जागावे लागणार नाही. वसतिगृहाचा पत्ता, पॉलिसीचा क्रमांक आणि परतीचे तिकीट मी मोठ्या अक्षरांत लिहून देवघराशेजारच्या कपाटावर चिकटवले आहे. तिथल्या स्वयंपाकघरात भाताची सोय होते म्हणून रोज रात्री खिचडी करणार. मेथीचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेणार. लाडू उतारावर दुपारच्या जेवणाच्या जागी कामी येतील, कारण डोंगरावरच्या उपाहारगृहात जेवण शहरापेक्षा महाग असणार.

दिल्लीला पंजाब मेलने जायचे आहे, पण विमानाच्या एक दिवस आधी. उत्तरेकडे धुक्यामुळे गाड्या कित्येक तास रखडतात आणि चुकलेल्या विमानाची रक्कम माझ्या १२,००० रुपयांच्या राखीव पैशांत बसत नाही. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचे आहे. त्याआधी गॉगलची ढगाळ दिवसांसाठीची पिवळी काच मिळवायची, हेल्मेटचा पट्टा बदलायचा आणि फळीवर डोळे मिटून एक मिनिट उभे राहता येते का ते पाहायचे. काल रात्री अठरा सेकंद झाले.