क्राउड

"शाळा छान आहे गं, पण क्राउड बघितलास ना?"

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बागेत, मुली घसरगुंडीवर असताना मैत्रीण म्हणाली. आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आलाच.

सकाळीच आम्ही दोघी घराजवळच्या पब्लिक स्कूलची, म्हणजे इथल्या सरकारी शाळेची, टूर करून आलो होतो. पहिलीच्या वर्गात खिडकीत कागदी पेले, त्यांत घेवड्याचे कोंब, प्रत्येकावर नाव. बारीक वेण्या घातलेला एक मुलगा माझ्या लेकीला समजावत होता, "हा माझा. जास्त पाणी नाही घालायचं, कुजतो." ती तिथून हलायलाच तयार नव्हती.

मैत्रिणीने मात्र वर्गातली डोकी मोजली होती. किती गोरी, किती काळी, किती आपली. आणि खरं सांगू? मीही मोजली होती.

काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा इथे अमेरिकेत १९५४ साली घटनाबाह्य ठरल्या. तरी यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या २०१४च्या अहवालात देशातल्या सर्वांत विभागलेल्या शाळा निघाल्या त्या न्यूयॉर्क राज्यातल्याच. आता कायदा लागतो कुठे? घरभाडं, झोन (घराच्या पत्त्यावरून शाळा ठरवणारे भाग), वेबसाइटवरचं शाळेचं रेटिंग आणि बागेतल्या अशा गप्पा पुरतात. (रेटिंग बरंचसं परीक्षेच्या मार्कांवर, आणि मार्क बरेचसे आईबापांच्या पगारावर.)

माझे बाबा सोलापुरात नगरपालिकेच्या शाळेत शिकले. त्यांच्या वर्गाकडे बघून कुणी "कसली मुलं येतात तिथे" म्हटलंच असेल की.

अर्ज शुक्रवारपर्यंत भरायचाय. पहिल्या पसंतीचा रकाना अजून रिकामा आहे. आणि लेक झोपताना विचारत होती, त्या दादाचा घेवडा उद्या केवढा होईल?