उलट्या पावलांची माणसं

उलटे पाय भुतांचे असतात, असं लहानपणी ऐकलं होतं. मोठेपणी कळलं, गाईडचेही असतात. पाठ इमारतीकडे, तोंड आपल्याकडे आणि पावलं मागे मागे. पायरी कुठे आहे, गालिच्याची कड कुठे उचलली आहे, हे सगळं त्यांच्या टाचांना पाठ असतं.

राजवाड्यात गाईड भेटला तर त्याचं विशेष वाटत नाही. तिथले मालक केव्हाच गेलेले असतात. मला गंमत वाटते ती अजून कामकाज चालू असलेल्या इमारतींतल्या गाईडची. संसद, न्यायालय, नगरभवन. अशा ठिकाणी आपण एरवी जातो ते हातात कागद आणि पोटात गोळा घेऊन. कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं ते कळत नाही आणि विचारायची भीती वाटते. एवढ्या मोठ्या वास्तूत आपलीच वाट पाहत उभा असलेला माणूस एकच, तो गाईड. ‘या, या, पुढे या’ असं तो म्हणतो, तेव्हा इमारतीची उंची दोन मजल्यांनी तरी कमी होते.

संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात १९५२ पासून गाईड लोकांना आत नेत आले आहेत. तिथल्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेच्या सभागृहात प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छत अर्धवट आहे. पाइप आणि हवेच्या नळ्या उघड्याच दिसतात. एकटा माणूस पाहील तर म्हणेल, पैसे संपले वाटतं! स्वीडिश वास्तुकार स्वेन मार्केलियस यांनी ते मुद्दाम तसं सोडलं. जगाचं आर्थिक-सामाजिक काम कधीच पुरं होत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे कुणीतरी बोट वर करून सांगावं लागतं. नुसत्या डोळ्यांना नळ्याच दिसतात.

बर्लिनच्या राइशटागमध्ये तर भिंतीच खरडलेल्या आहेत. १९४५ साली आत शिरलेल्या सोव्हिएत सैनिकांनी कोळशानं, खडूनं आपली नावं आणि गावं लिहून ठेवली. पुढे ती आच्छादनाखाली गेली. नव्वदच्या दशकात नूतनीकरणाच्या वेळी ती पुन्हा सापडली, आणि त्यातली बरीचशी जपली गेली. आपल्याच संसदेच्या भिंतीवरचं परक्या सैनिकांचं हस्ताक्षर पाहुण्यांना दाखवायचं, तेही आवाज न चढवता आणि खाली मान न घालता! हे काम पाटीवर लिहून भागण्यासारखं नाही. पाटीला सूर नसतो.

सूर मात्र जपावा लागतो. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, पुतळ्यांच्या दालनात गाईड एका ठरावीक जागी उभा राहून कुजबुजतो आणि छताच्या वळणामुळे दालनाच्या दुसऱ्या टोकाला ते स्पष्ट ऐकू येतं. प्रतिनिधिगृह १८५७ पर्यंत तिथेच भरायचं. राष्ट्राध्यक्षपदानंतर या गृहाचे सदस्य झालेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स झोपेचं सोंग घेऊन विरोधकांची कुजबुज ऐकत, अशी कथा या जागेशी जोडलेली आहे. कथा झकास आहे, फक्त आजचं छत विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आणि अ‍ॅडम्स वारले १८४८ मध्ये. त्यांच्या काळी तिथे लाकडी छत होतं. अशा वेळी गाईडनं काय करावं? माझं मत विचाराल तर कथा सांगावी, लोकांना हसू द्यावं आणि मग छताचं सांगावं. नुसती कथा सांगितली तर ती फसवणूक होते, आणि नुसतं छत सांगितलं तर तो तास होतो.

प्रश्नांचं म्हणाल, तर मी ज्या ज्या फेरीत गेलो तिथे पहिला प्रश्न ‘स्वच्छतागृह कुठे आहे?’ हाच निघाला. दुसरा, ‘ही झुंबरं कोण पुसतं?’ मला दुसरा फार आवडतो. इमारत कुणी बांधली हे पुस्तकात असतं. कोण पुसतं हे गाईडलाच ठाऊक. एकीनं तर पुसणाऱ्या बाईंना लांबूनच हात केला होता. त्यांनीही फडकं हलवलं.

अर्थात टेप लावल्यासारखे बोलणारेही भेटतात. मध्येच शंका विचारली की ते अडखळतात आणि मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करतात. त्यांचाही राग येत नाही. तीच पायरी, तोच खांब, दिवसातून पाच वेळा नवा करून दाखवायचा म्हणजे सोपं नाही.

एकदा एका जुन्या सभागृहातली फेरी इतकी आवडली, की संपल्यावर मी पुढच्या गटात पुन्हा घुसलो. गाईड तीच. अध्यक्षांच्या खुर्चीपाशी आल्यावर ती थांबली, आत्ताच काहीतरी आठवल्यासारखं कपाळाला बोट लावलं आणि खुर्चीवरचा तोच विनोद सांगायला लागली. अर्ध्यात तिला मी दिसलो. क्षणभर ती चपापली, मग विनोद तसाच पुढे रेटला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.