साठेखत रद्द करण्यापूर्वी

सोलापुरात मी दिवाणी वकिली करतो. एका उन्हाळ्यात पूर्व भागातले एक वृद्ध यंत्रमागधारक कार्यालयात आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून साठेखत, म्हणजे घर पुढे विकण्याचा लेखी करार, काढून म्हणाले, "वकीलसाहेब, मुदत संपून दोन महिने झाले. हे रद्द करून पाच लाख जप्त केल्याची नोटीस पाठवा." त्यांच्या घराचा व्यवहार २८ लाखांना ठरला होता, त्यातले पाच लाख खरेदीदाराने आधीच दिले होते, खरेदीखत सहा महिन्यांत व्हायचे होते, आणि आता दुसरे एक गिऱ्हाईक ३४ लाख द्यायला तयार होते.

मी साठेखत शेवटपर्यंत वाचले. तिसऱ्या पानावर, घडीमुळे जिथे अक्षरे पुसट झाली होती, तिथेच अट होती की विकणाऱ्याने पतसंस्थेचे कर्ज फेडून मिळकतीवरचा बोजा खरेदीखतापूर्वी उतरवून द्यावा. मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या सरकारी नोंदीचा उतारा, पाहिली, तर बोजा तसाच होता.

"काका, तुमच्याकडचेच काम अपुरे असताना समोरच्याने करार मोडला असे कसे म्हणता येईल?" मी विचारले. त्यांना ते रुचले नाही. मुदत म्हणजे मुदत, असे बहुतेकांना वाटते. परंतु स्थावर मिळकतीच्या व्यवहारात मुदत हा कराराचा गाभा आहे असे न्यायालय आपणहून गृहीत धरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली चांद राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. खरेदीदाराने पैसे भरण्याची तयारी सिद्ध केली, तर तो खरेदीखत करून मिळण्यासाठी तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावू शकतो आणि साठेखताची माहिती असूनही घर घेणारे नवे गिऱ्हाईकही त्यात ओढले जाते. (खरेदीखत झाल्यावर तर उरलेल्या रकमेसाठी ते रद्द करता येत नाही, ती रक्कम वसूलच करावी लागते.)

काकांनी कर्ज फेडले, बोजा उतरवला. मग आम्ही २१ दिवसांची नोटीस पाठवली आणि तीत खरेदीखत नोंदवण्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात येण्याचा दिवस व वेळ लिहिली. त्या दिवशी सकाळी दहापासून आम्ही तिथल्या बाकावर बसलो. काकांच्या मांडीवर मूळ दस्त होता आणि दार उघडले की ते अर्धवट उठत. चार वाजता खरेदीदाराचा फोन आला, की गृहकर्ज नामंजूर झाले आहे, पैशांची सोय होणार नाही. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. तेच लेखी कळवण्याची मी विनंती केली आणि त्यांनी तसे पत्रही दिले.

आता रद्द करण्याचा हक्क खरोखर निर्माण झाला होता. तरीही पूर्ण पाच लाख जप्त करायला मी तयार झालो नाही, कारण साठेखतात इसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली रक्कम, १ लाख लिहिला होता आणि उरलेले ४ लाख किमतीपोटी घेतल्याचा उल्लेख होता. करारातल्या अटीप्रमाणे इसार जप्त करता येत होता, किमतीपोटी घेतलेली रक्कम नाही. काका बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्याचाही संसार आहे."

साठेखत नोंदणीकृत असल्याने दोघांच्या सह्यांचा रद्दलेख नोंदवला. त्याच टेबलावर ४ लाखांचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) खरेदीदाराच्या हाती गेला, आणि रद्दलेखाची नक्कल नव्या गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय काकांनी त्याच्याकडून एक रुपयाही घेतला नाही.